सात किलो आणि तीन बोटं माया

तिकिटं मी काढली होती. हे मी पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण मी नाही लिहिलं तर काका लिहील, आणि त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

आत्याचा निरोप काकाच्या फोनवर आला. एका बंद शटरचा फोटो, वर नवी पाटी, अजून कागदाने झाकलेली, आणि खाली दोन ओळी: शनिवारी पाच वाजता दुकान उघडतेय. आप्पांना वेळ असला तर.

आप्पा म्हणजे माझे आजोबा. अकरा वर्षांत आत्याने त्यांच्यासाठी लिहिलेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही अर्धवट. आजोबांनी फोन हातभर लांब धरून ते तीनदा वाचलं, फोन परत दिला आणि म्हणाले की शटर डाव्या बाजूने वाकडं बसवलंय. म्हणजे जायचं ठरलं.

रेल्वेला दीड दिवस लागतो आणि बाबांकडे शाळेच्या गणवेशांची अख्खी ऑर्डर पडलेली. मग विमान. आमच्यापैकी कुणीच विमानात बसलेलं नव्हतं. मी म्हटलं, माझ्यावर सोडा. त्या आठवड्यात मला शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर मिळाला होता आणि मी घरात जरा छाती काढूनच वावरत होते. स्पर्धेत आम्ही तिघं होतो, हे मी घरी सांगितलं नव्हतं.

तर सगळ्यांना मागे उभं करून मी तिकिटं काढली. ती साइट फार प्रेमळ होती. प्रत्येक पायरीवर काहीतरी विचारायची. विमा हवाय? नको. खिडकीची जागा? नको. सगळ्यांना शेजारी बसायचंय? नको, घरी बसतोच की. मोठी बॅग? नको, हातातली एक फुकट आहे. रांगेत पुढे जायचंय? नको. अकरा वेळा मी नको म्हटलं, आणि दर वेळी मान वळवून बाबांकडे बघितलं. शेवटी जो आकडा आला तो बघून आई म्हणाली, एवढ्यात तर चपलांचा जोड येत नाही. काका म्हणाला, पोरगी वकील होणार. त्या क्षणी मला वकील म्हणजे अगदीच कमी वाटलं.

आता बॅगांचं. नियमात लिहिलं होतं: माणशी एक बॅग, वजन सात किलो, माप पंचावन्न, चाळीस, वीस सेंटीमीटर. मी हे मोठ्याने वाचलं आणि माप हा शब्द ऐकून कोपऱ्यात पेंगत असलेले आजोबा जागे झाले.

"वही आण," ते म्हणाले. "इंचात सांग."

आजोबा बावन्न वर्षं शिंपी आहेत. सेंटीमीटर हे त्यांच्या मते शाळेतलं माप, त्यात माणूस बसत नाही. मी भाग दिला. एकवीस पूर्णांक पासष्ट, पंधरा पूर्णांक पंचाहत्तर, सात पूर्णांक सत्त्याऐंशी. अर्ध्याच्या वर असलं की वरचा आकडा घ्यायचा, हे आम्हाला चौथीत शिकवलंय आणि मी ते विसरलेले नाही. बावीस, सोळा, आठ. आजोबांनी लिहून घेतलं. मला वाटलं, विषय संपला.

विषय संपला नव्हता. जाड कॅनव्हासच्या पाच बॅगा त्यांनी आठ दिवसांत शिवल्या, आणि शिवताना आयुष्यभराच्या सवयीने दर मापात अर्धा इंच लूझिंग धरलं. नेमक्या मापाचा शर्ट फक्त खुंटीला बसतो, असं ते गिऱ्हाइकांना सांगतात. शिवाय आतून शिवणीला दोन बोटं माया सोडली. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. गिऱ्हाईक सुटलं तर शिवण उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून. बॅग कशी सुटेल, असं मी विचारलं. ते म्हणाले, कुणाचं काय सांगता येतं.

मी मात्र तपासणी केली, हे नोंदवून ठेवते. टेप घेऊन पाचही बॅगा मोजल्या. रिकाम्या. जमिनीवर आडव्या घालून. त्या इतक्या शहाण्यासारख्या चपट्या पडल्या होत्या की मी वहीत पाच बरोबरच्या खुणा केल्या.

वजन आईकडे होतं. आई औषधाच्या दुकानात काम करते आणि ग्रॅमला ग्रॅमच मानते. तिने प्रत्येकाचा मोजासुद्धा तोलला. बाबांची दाढीची डबी बाहेर गेली, माझी तीन पुस्तकं बाहेर गेली, काकाचा जाड टॉवेल निम्मा कापला गेला. पाचही बॅगा सहा किलो नऊशेच्या आसपास आल्या. फक्त आजोबांच्या बॅगेत तिला हात घालू दिला नाही. त्यांनी स्वतः तोलली आणि आकडा सांगितला. आतमध्ये काय आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, कारण दुकानातल्या पुतळ्याच्या अंगावरून अकरा वर्षांत पहिल्यांदाच तो कोट उतरला होता.

तो कोट आत्याचा. ती आजोबांच्या हाताखाली तयार झालेली, कापण्यात बाबांपेक्षा सरस, हे बाबाच सांगतात. तिच्यासाठी आजोबा लोकरी कोट शिवत होते. अर्धा झाला होता, बाह्या कच्च्या दोऱ्याने टाचल्या होत्या, आणि त्याच आठवड्यात दुकानाची पाटी नवी झाली. आजोबांच्या नावाखाली रंगवून आलं: आणि मुलगा. मुलगे दोन होते आणि मुलगी एक. आत्याने विचारलं, आप्पा, हे काय? आजोबा म्हणाले, पेंटर अक्षरामागे पैसे घेतो.

संध्याकाळी ती गेली. महिन्याभराने काकाही दुकान सोडून विजेचे मीटर वाचायच्या नोकरीला लागला. पाटीवरचा मुलगा, म्हणजे माझे बाबा, तेवढे राहिले. त्यांना ती पाटी कधी आवडली नाही, पण उतरवण्याइतकं कुणी त्यांना विचारलंही नाही.

*

विमानतळावर शिरल्याबरोबर पहिला धक्का कागदाचा बसला. चेक-इन घरून करायचं असतं. मला कसं कळणार? आत येण्याचं काम घरी बसून कोण करतं? काउंटरवरच्या मुलाने गोड हसून सांगितलं की आता इथे करता येईल, फक्त पाच पास छापायचे वेगळे पडतील. बाबांनी पाकीट काढलं. काही बोलले नाहीत. बाबांचं न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागतं, आणि हे त्यांना माहीत आहे.

पासावर जागांचे आकडे होते. तिसरी रांग, अकरावी, सतरावी, अठरावी, सव्विसावी. कंपनीने आमचं कुटुंब पत्ते पिसावं तसं वाटून टाकलं होतं. आईने फक्त म्हटलं की घरी बसतोच की.

एक नियम मी बरोबर वाचला होता, तेवढा मला द्या. आजोबांची मोठी कात्री मी घरी ठेवायला लावली होती. त्यांनी ती ठेवली, पण तेव्हापासून ते उजवा हात खिशात घालून होते, जसा काही कुणी तो हातच काढून घेतलाय.

गेटवर पोचलो तेव्हा विमानाला तासभर होता. आणि तिथे, रांगेच्या तोंडाशी, तो पिंजरा होता. लोखंडी पट्ट्यांचा, निळा रंग दिलेला, बॅगेच्या आकाराचा. बाजूला गळ्यात रुमाल बांधलेल्या एक बाई. पुढचा प्रत्येक माणूस बॅग पिंजऱ्यात सोडायचा, ती टपकन बसायची, बाई मान हलवायच्या. बघायला फार छान वाटत होतं.

आमची पहिली बॅग माझी होती. ती अर्ध्यात अडकली. मी दाबली. गुडघा टेकवून दाबली. बाईंनी शांतपणे सांगितलं की गुडघा लावायचा नसतो.

आजोबा पुढे आले. "बाई, मी बावन्न वर्षं मापं घेतोय."

"मी सकाळपासूनच घेतेय," बाई म्हणाल्या, "पण पिंजरा माझ्याकडे आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं, अगदी न चिडता. बसली नाही ती बॅग खाली विमानाच्या पोटात जाईल आणि तिचं भाडं इथेच भरायचं. भाड्याचा आकडा ऐकून काकाने पास उलटा करून बघितला. माझ्या तिकिटापेक्षा माझी बॅग महागात प्रवास करणार होती. अशा पाच. बाबांकडे तेवढे नव्हते, आणि आजोबांच्या बॅगेतला कोट पोटात टाकायला ते मेले तरी तयार होणार नव्हते.

मला भूक लागली होती, रडू येत होतं, आणि चौथीतल्या बाईंचा राग येत होता.

*

पुढचं थोडं काकाच्या डोक्यातलं आहे. त्याने ते मला नंतर सांगितलं, आणि काका खोटं बोलला तरी सविस्तर बोलतो.

काका पिंजऱ्याकडे बघतच नव्हता. तो आजोबांच्या चेहऱ्याकडे बघत होता. तो चेहरा त्याने आधी एकदा पाहिला होता, दोन वर्षांपूर्वी, बसस्थानकावर. तेव्हाही आत्याकडे जायचं ठरलं होतं, तिला कळवलंही होतं, आणि ऐन वेळी आजोबांचा गुडघा धरला. घरी येईपर्यंत गुडघा मोकळाही झाला. आत्ता गेटवर तोच चेहरा होता: नको असलेलं काम आपल्या चुकीशिवाय रद्द झालं की माणूस जसा सैल होतो तसा.

"तुम्ही सगळे जा," आजोबा म्हणाले. "बॅगा मी घरी घेऊन जातो. माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको."

इतका मोठेपणा आजोबा एरवी दाखवत नाहीत.

काकाला एक गोष्ट माहीत होती जी आमच्यापैकी कुणालाच नव्हती. तो दर रविवारी मीटर वाचायला जातो म्हणून सांगून आत्याशी फोनवर बोलायचा. अकरा वर्षं. रविवारी कुणी मीटर वाचत नाही, हे आमच्या घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि गेल्या रविवारी आत्या त्याला म्हणाली होती, आप्पा नाही यायचे, बघ तू. नाही आले ना, तर मी परत लिहिणार नाही. माझंही वय झालंय.

काका हे तिथे मोठ्याने बोलला. रांगेत, पंचवीस अनोळखी माणसांसमोर, पिंजऱ्याशेजारी उभं राहून. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता भांडण. बाबा एवढंच म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"तू पाटीवर होतास," काका म्हणाला.

मागचा एक माणूस आम्हाला वळसा घालून पुढे गेला.

मग काकाने आजोबांना विचारलं, "आप्पा, सुई आहे?"

आजोबांचा खिशातला हात आपोआप बाहेर आला आणि कॉलरमागे गेला. शिंप्याला सुई आहे का विचारलं की तो डोक्याने उत्तर देत नाही. दोन सुया होत्या, दोरा गुंडाळलेल्या. तिसरी बाबांच्या पाकिटातून निघाली. आणि आजोबांच्या आतल्या खिशात पांढऱ्या कच्च्या दोऱ्याचं रीळ होतं, ते असतंच.

"अर्धा इंच जास्त आहे ना?" काका म्हणाला. "आत घेऊ या."

आईने बाईंना विचारलं, गेट कधी बंद होतं. बाईंनी घड्याळ बघून सांगितलं, चाळीस मिनिटं. आईने विचारलं, शिवायला हरकत आहे का. बाई थोडा विचार करून म्हणाल्या की गुडघा लावायचा नाही असं लिहिलंय, शिवायचं नाही असं कुठे लिहिलेलं नाही.

आणि ते तिघं गेटसमोरच्या जमिनीवर मांडी घालून बसले. आजोबा चिमटीत शिवण धरून दाखवायचे, इथून इथपर्यंत, आणि बाबा आणि काका लांब लांब टाक्यांनी बॅगेच्या दोन्ही कडा आत घ्यायचे. आई कॅनव्हास ताणून धरत होती. माझं काम दोरा दाताने तोडणं. कात्री मीच घरी ठेवायला लावली होती, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं, आणि जे होतं त्यात दोरा होता.

काकाने अकरा वर्षांत सुई धरली नव्हती. बाबा मध्येच त्याच्या हाताकडे बघून म्हणाले, "अजून टाके मोठेच घेतोस."

"अजून बघतोसच का?" काका म्हणाला. पण त्यानंतरचे टाके त्याने लहान घेतले. मी पाहिलं.

माझी बॅग टपकन बसली. आईची बसली. काकाची जरा कुरकुरली, बाईंनी दुसरीकडे बघितलं, तेवढ्यात बसली. बाबांची बसली. चार झाल्या तेव्हा दहा मिनिटं उरली होती आणि आमच्याभोवती चांगली गर्दी जमली होती. एका माणसाने त्याची चाकाची बॅग पुढे करून विचारलं, हिचं काही होईल का? आजोबांनी तिला हातही न लावता सांगितलं की रेडिमेडचं मी करत नाही.

पाचवी आजोबांची. कडा आत घेऊनही ती बसेना. कोट फुगलेला होता, लोकर दबते तेवढी दबली होती.

आजोबा उठून उभे राहिले. गुडघ्याला हात लावला. आम्ही चौघांनीही तो हात बघितला.

"बघा," ते म्हणाले, "मी प्रयत्न केला."

आणि मी तोंड उघडलं. खरं सांगते, त्या आठ दिवसांत माझ्या तोंडातून जे जे निघालं होतं त्याने नुकसानच झालं होतं, त्यामुळे सगळे घाबरले.

"कोट मी घालते," मी म्हटलं. "अंगातल्या कपड्यांचं वजन धरत नाहीत. कपड्यांतल्या माणसाचंही नाही. मी वाचलंय."

"तो तुझ्या मापाचा नाही."

"आजोबा, तुम्ही शिवलाय. लूझिंग असणार."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, खांद्यापासून खांद्यापर्यंत, जसं ते गिऱ्हाइकाकडे बघतात. मला अचानक कळलं की मी आता जवळजवळ तेवढी झालेय, जेवढी आत्या तेव्हा होती. त्यांनाही ते तेव्हाच कळलं असावं. त्यांनी बॅग उघडली, कोट झटकला, मागून माझ्या अंगावर चढवला. अकरा वर्षं पुतळ्याशिवाय तो कुणी घातला नव्हता. त्यांनी खांद्याची शिवण अंगठ्याने सरळ केली.

"हात वर करायचे नाहीत," ते म्हणाले. "बाह्या कच्च्या आहेत."

आईने त्याच मिनिटात उरलेलं काम उरकलं: काकाची दाढीची डबी एका खिशात, आजोबांचा चष्मा आणि गोळ्या दुसऱ्यात, चार्जर आतल्या खिशात, आणि कुणाचे तरी मोजे माझ्या पोटावर. बाहेर कडक ऊन होतं आणि मी गुडघ्यापर्यंत लोकरीत, हात अंगाला चिकटवून, पेंग्विनसारखी चालत पिंजऱ्यापुढून गेले. बॅग बसली. बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"थंडी वाजतेय का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, खूप. घाम माझ्या नाकाच्या शेंड्यावरून पडत होता.

*

विमानात मी अठराव्या रांगेत होते आणि आजोबा माझ्या बरोबर पुढे, सतराव्या रांगेत, मधल्या जागेवर. त्यामुळे पुढचं मी जागांच्या फटीतून ऐकलेलं आहे. हात वर करायचे नसल्याने मला दुसरं काही करताही येत नव्हतं. पाणीसुद्धा विकत होतं, आणि विकत घेतलं तरी तोंडापर्यंत न्यायचं कसं?

आजोबांना आमच्यापासून तोडून बसवलं ही माझी चूक, पण तिचा एक फायदा झाला. शेजारी घरचं कुणी नसल्याने त्यांना भांडता येईना. खिडकीपाशी एक पोक्त बाई होत्या, मांडीवर वह्यांचा गठ्ठा, लाल पेनाने खुणा चाललेल्या. पहिलीच्या वर्गाला शिकवणाऱ्या. त्यांनी सहज विचारलं, कुठे निघालात?

आजोबांनी पुढच्या खुर्चीच्या कव्हरची शिवण अंगठ्याने चाचपली. मग म्हणाले, "मुलीच्या दुकानाला."

मुलीचं दुकान हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. त्यांनीही पहिल्यांदाच ऐकले असावेत, कारण नंतर ते जीभ भाजल्यासारखे बसून राहिले. पण बाई शिक्षिका होत्या, त्यांना थांबून राहायची सवय होती. आणि परक्या माणसाला सांगायला सोपं जातं. आजोबांनी कोटाचं सांगितलं, पाटीचं सांगितलं, पेंटरचंही. अक्षरामागे पैसे घेत होता हो, ते म्हणाले. स्वस्तात उरकायला गेलो.

बाईंनी लाल पेन वहीच्या मागच्या पानावर टेकवलं.

"काय लिहिलं होतं? आणि मुलगा?" त्यांनी लिहिलं. "मु, ल, गा. तीन अक्षरं." मग त्याखाली लिहिलं. "आणि मुलं. मु, लं. दोन. तिघंही आली असती, आणि एक अक्षर वाचलं असतं तुमचं."

त्या हे पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं सांगत होत्या, त्यांच्या मनात काही नव्हतं. आजोबा त्या पानाकडे बघत राहिले. उतरायची सूचना झाली, कान दडपले, बाळं रडली, चाकं जमिनीला लागली, तरी ते बघतच होते. बाईंनी उठताना ते पान फाडून त्यांना दिलं.

आणि मी अठराव्या रांगेत बसून पहिल्यांदाच विचार केला की नको नको म्हणत कमी आकडा बघून खूश होणं हे आमच्या घरात माझ्यापासून सुरू झालेलं नाही.

*

आत्याच्या गल्लीत पोचलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. शटर खरंच डावीकडे वाकडं होतं. ते अर्धं उघडलेलं होतं आणि ती खाली, पायरीवर, गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. वाट बघत नसल्यासारखी.

आमच्यात सगळ्यात पुढे मी होते. आजोबा सगळ्यात मागे. शेवटच्या वळणावर रिक्षातून उतरताना मी बॅग ओढायला हात उचलला होता आणि कचकन उजवी बाही खांद्यातून सुटली होती, ती आता कोपराशी लोंबत होती. खिशातून चार्जरची वायर. पोटावर मोजे. मी मनात एक छान वाक्य तयार केलं होतं, वक्तृत्वातलं. ते काही आठवेना.

आत्या उठली. माझ्याकडे नाही, कोटाकडे बघितलं. जवळ आली, लोंबणारी बाही उचलून खांद्याशी धरली.

"हात खाली," ती म्हणाली. "किती वेळ अशी आहेस?"

"सकाळपासून."

"ही बाही मी टाचली होती," ती म्हणाली. "त्याच दिवशी."

मग तिने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. आजोबा रस्त्याच्या मधोमध थांबले होते. बाबा आणि काका त्यांच्या दोन बाजूंना, न ठरवता, असे उभे की मागे फिरायचं तर दोघांच्या मधूनच जावं लागलं असतं. आजोबांनी खिशातून वहीचं पान काढलं. ते दाखवलं नाही, नुसतं हातात धरलं.

"मुलं लिहिलं असतं," ते म्हणाले, "तर एक अक्षर वाचलं असतं."

"मी तेव्हाच मोजलं होतं, आप्पा."

"बोलली नाहीस."

"तुम्ही पैसे देऊन आला होतात."

आईने माझ्या अंगातला कोट उतरवला, खिसे रिकामे केले, आणि तो आत्याच्या हातात दिला. मी अचानक इतकी हलकी झाले की तोल गेला. आत्याने कोट घातला. बाही पुन्हा घसरली, ती तिने दंडाशी धरली. आणि पुढचे दोन काठ जुळवायला गेली तर ते जुळेनात. चार बोटं कमी पडत होती. अकरा वर्षांत माणूस तेवढाच कसा राहील? आमच्यापैकी कुणीच हा विचार केला नव्हता. एवढं सगळं करून आम्ही तिला न बसणारा कोट आणला होता, आणि त्याची वरात मी काढली होती.

आत्या हसली नाही, रडलीही नाही. कोट अंगातून काढला आणि सवयीने बाजूची शिवण उलटी केली. कुठलाही शिंपी तेच करतो. आत बघितलं. मग तिथे बोटं ठेवली. एक. दुसरं. तिसरं.

आमच्या दुकानात कोटाला एक बोट माया सोडतात. फार तर दीड.

तिने दुसरी बाजू उलटली. तिथेही तीन. पाठीतही.

"एवढी?" तिने विचारलं.

"कापड उरलं होतं," आजोबा म्हणाले.

बाबा आणि काका दोघांनी एकदम खाली बघितलं. आजोबांकडे आजवर चिंधीसुद्धा उरलेली नाही.

आत्याने कोट हातावर घेतला, वाकून शटरखालून आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तिची कात्री होती, नवी, लांब पात्याची. ती तिने मुठीकडून आजोबांपुढे धरली. त्यांची कात्री घरी राहिली हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचा उजवा हात खिशात होता, त्यावरून तिला कळलं असेल.

आजोबांनी कात्री घेतली. पाती उघडून, मिटून आवाज ऐकला. धार अंगठ्यावर बघितली. मग मान वर करून ती कागदाने झाकलेली पाटी बघितली, वाकडं शटर बघितलं, आणि कात्री मुठीकडूनच तिला परत दिली.

"दुकान तुझं आहे," ते म्हणाले. "तू उसव."